उसाच्या बुडख्यातील अळी

ऊस पोखरणाऱ्या अळ्यांना नावे पडली ती त्यांच्या राहण्याच्या जागेवरून. शेंड्यातून आत शिरते ती शेंडेकीड, कांड्या पोखरते ती कांडीकीड, कोवळा कोंब जमिनीलगत कुरतडून आत जाते ती खोडकीड. चौथीला आपण मूळ पोखरणारी अळी म्हणतो. गुजरातेत तिला 'मूळवेधक' म्हणतात. आपल्या कन्नड विभागातील मित्र तिला 'बेरु कोरक' म्हणतील, म्हणजे पुन्हा मूळ पोखरणारीच. आणि इंग्रजी पुस्तकांतही तिच्या नावात मूळ आहेच. इतक्या भाषांचे एकमत झाले असले तरी नाव चुकीचे आहे. ही अळी मुळे पोखरीत नाही. उसाच्या खोडाचा जो भाग मातीखाली असतो, ज्याला शेतकरी बुडखा म्हणतात, त्यात ती राहते आणि तोच खाते.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे कोणी विचारील. माझ्या मते पुष्कळ बिघडते, आणि ते कसे हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. आपण उसाचे टिपरे पुरतो, त्याच्या डोळ्यातून कोंब येतो. या कोंबाच्या बुडाशी, मातीखाली, अगदी आखूड कांड्या एकमेकींना चिकटून तयार होतात. प्रत्येक पेऱ्यावर एक डोळा असतो. याच डोळ्यांतून फुटवे निघतात, आणि त्यांचे पुढे बेट होते. ऊस तोडून नेल्यावरही हे जमिनीखालचे डोळे जिवंत राहतात व त्यांतून दुसऱ्या वर्षीचे पीक, म्हणजे खोडवा, उगवते. तेव्हा बुडखा हे चालू पिकाचे बूड आणि पुढच्या पिकाचे बेणे असे दोन्ही असतो. मुळे तुटली तर ऊस नवी मुळे धरतो. बुडखा पोकळ झाला तर ती तूट भरून काढावयास जागाच उरत नाही. 'मूळ पोखरणारी' म्हटले की आपण मुळांकडे पाहतो, मुळे बरी दिसली की समाधानाने माती परत लोटतो, आणि अळी दोन बोटांवर सुखाने बसलेली असते.

या पतंगाचे शास्त्रीय नाव पॉलिओका डिप्रेसेला. जुन्या पुस्तकांत एमालोसेरा डिप्रेसेला असे नाव आढळेल, प्राणी एकच. नावातील दुसरा शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ दबलेला, खाली चेपलेला असा होतो. हे नाव दिले कर्नल चार्ल्स स्विन्हो यांनी, १८८५ साली. स्विन्हो हे लष्करातले गृहस्थ. पतंग आणि फुलपाखरे गोळा करण्याचा त्यांना नाद होता. मुंबई व दख्खनमधील पतंग-फुलपाखरांवर त्यांनी त्या वर्षी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात जी लेखमाला प्रसिद्ध केली, तीत हा पतंग आला. दोनच वर्षे आधी, १८८३ मध्ये, मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्या आठांपैकी स्विन्हो एक होते. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघेही त्या आठांत होते, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. स्विन्हो यांनी दिलेल्या नावात ऊसही नाही आणि मूळही नाही. पुढे वीस वर्षांनी, १९०५ मध्ये, डजन नावाच्या अभ्यासकाने त्याच पतंगाला नव्याने सॅकॅरेला, म्हणजे साखरेचा, असे नाव दिले. शास्त्राच्या नियमाप्रमाणे आधीचे नाव टिकले आणि साखरेचे नाव मागे पडले. पण शेतीच्या दृष्टीने या पतंगाची खरी ओळख त्या दुसऱ्या नावातच आहे.

पतंग दिसावयास अगदी सामान्य. फिकट, वाळलेल्या गवताच्या रंगाचा, मागचे पंख पांढरे. दिवसा पानांआड बसून राहतो, रात्री उडतो. मादी पानांवर, क्वचित खोडावर किंवा जवळच्या जमिनीवर अंडी घालते, तीही एकेकटी. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शेंडेकीड आणि खोडकीड यांची अंडी पुंजक्यांनी असतात. सवय झालेला माणूस पाने उलटीपालटी करून ते पुंजके वेचू शकतो. येथे वेचावयाचे काय? चपटे, पांढरट, खवल्यासारखे एकच अंडे हिरव्या पानावर कोण शोधणार! आठवड्याच्या आत-बाहेर अंडे फुटते. बारीक अळी पानावरून खाली उतरते, कोंबाच्या बुडाशी जाते आणि मातीखालून खोडात शिरते. त्यानंतर ती बाहेरच्या जगाला दिसत नाही. कांडीकिडीच्या छिद्रातून भुश्श्यासारखी विष्ठा बाहेर पडते, तीवरून तिचा ठिकाणा लागतो. या अळीचे दार जमिनीखाली असल्यामुळे तसली काही खूण मिळत नाही. एका कोंबात बहुधा एकच अळी असते. तो संपला की ती मातीतूनच शेजारच्या कोंबाकडे जाते. पूर्ण वाढलेली अळी सुमारे इंचभर लांब, मळकट पांढरी, अंगावर सुरकुत्या, डोके पिवळसर तपकिरी. महिन्याभरात ती कोशावस्थेत जाते, तीही खोडात किंवा लगतच्या मातीतच. उत्तरेत, पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, बिहार या भागांत, जेथे ही कीड पूर्वीपासून माहीत आहे, तेथे थंडीचे महिने अळी बुडख्यातच काढते आणि उन्हाळा लागला की पतंग बाहेर पडतात. दक्षिणेकडे थंडी बेताची, त्यामुळे तेवढी विश्रांतीही ती घेत नाही.

आता चलथाणकडे वळतो, कारण ही अळी मला प्रथम जिवंत पाहावयास मिळाली ती तेथे. चलथाण हे सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यातले गाव. उधन्याहून जळगावकडे जो ताप्ती खोऱ्याचा लोहमार्ग जातो त्यावर ते लागते. जळगावहून निघालात तर अमळनेर, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली आणि मग चलथाण. गावात सहकारी साखर कारखाना आहे, आणि बारडोली, मढी, गणदेवी असे आणखी सहकारी कारखाने त्या टापूत आहेत. तापीवरील काकरापारचा बंधारा आणि १९७२ साली पुरे झालेले उकाई धरण यांच्या कालव्यांनी या काळ्या जमिनीत ऊस आणला. गुजरातीत उसाला शेरडी, साखरेला खांड, आणि खोडव्याला 'लाम' म्हणतात.

या शेरडीची तोड मात्र बव्हंशी मराठी मुलखातील हातांनी आणि डांगच्या आदिवासी हातांनी होते. नंदुरबार, धुळे, जळगाव या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उन्हाळा सरत आला म्हणजे परततात. येथे 'कोयता' हा शब्द हत्यारासाठी आहे आणि माणसांसाठीही: नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकाने तोडावयाचे, दुसऱ्याने पाला काढून मोळी बांधावयाची. मुकादम पावसाळ्यात उचल देतो आणि हंगामभर ती फेडून घेतो. फडाजवळ पाल्याच्या आणि प्लॅस्टिकच्या झोपड्यांचा पडाव पडतो. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी राबणाऱ्या या तोडकऱ्यांवर १९७८ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त विस्तृत लेख लिहिला. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य वाचावा. मी प्राणिशास्त्र शिकवतो, तो माझा विषय नव्हे. पण अळीचा माग काढीत गेलो की तोडकऱ्याला वगळून पुढे जाता येत नाही, असे मला दिसून आले.

कामानिमित्त सुरतेला गेलो असता मार्च महिन्यातले दोन दिवस मी त्या बाजूच्या शेतांत काढले. एका शेतातील ऊस डिसेंबरात तुटून गेला होता आणि खोडवा वीतभर-हातभर वर आला होता. मधूनमधून कोंबांचा पोंगा, म्हणजे मधली सुरळी, वाळलेली. याला आपल्याकडे पोंगामर म्हणतात. शेजारच्या फडात तोड चालू होती. दुपारी जेवून सावलीला बसलेले नवापूरकडील एक वयस्क तोडकरी मी काय पाहतो आहे म्हणून कुतूहलाने बांधावर आले. मी पुस्तकी पद्धतीने पाने उलटून पाहत होतो. त्यांनी खाली बसून एक वाळलेला पोंगा दोन बोटांत धरून ओढला. तो सहज हातात आला. बुडाशी कुजलेला, नाकाजवळ धरवेना. दुसराही तसाच. तिसरा ओढला तो येईना. त्यांनी कोयत्याच्या टोकाने भोवतीची माती उकरली, अख्खा कोंब बुडख्यासकट उपटला आणि उभा चिरून माझ्यापुढे धरला. आत पोकळीत पांढरी अळी, अंगावर एकही पट्टा नाही. "ती वरची, ही खालची," ते म्हणाले, आणि परत कामाला गेले.

कीटकशास्त्राच्या पुस्तकांत या दोन किडींतील फरक असाच दिलेला आहे, फक्त जास्त शब्दांत. खोडकिडीची, म्हणजे कायलो इन्फस्काटेलसची, अळी जमिनीच्या किंचित वर छिद्र पाडून आत जाते व सुरळीचे बूड तोडते. म्हणून पोंगा अलगद निघतो आणि कुजल्याची दुर्गंधी येते. तिच्या पाठीवर जांभळट असे पाच उभे पट्टे असतात. बुडख्यातील अळी खालून पोखरते, सुरळीचा सांधा तसा तुटत नाही, त्यामुळे पोंगा वाळतो पण ओढून निघत नाही आणि वासही येत नाही. शेंडेकिडीचाही पोंगा सहजासहजी निघत नाही, पण तिथे पानावर ओळीने छिद्रे आणि मधल्या शिरेवर तांबूस रेघ दिसते, त्यामुळे घोटाळा होऊ नये. मला त्या गृहस्थांचे नामकरण अधिक शास्त्रीय वाटले. 'खालची' म्हणताना त्यांनी मुळाचा उल्लेख केला नाही.

लहान पिकात पोंगामर दिसते तरी. ऊस मोठा झाल्यावर ही अळी बुडख्यात असूनही वर पोंगा मरत नाही. पाने कडेने पिवळी पडतात, वाढ खुंटते, आणि याचे खापर पाण्यावर, खतावर किंवा जमिनीतील क्षारांवर फुटते. लागणीच्या उसात सुरुवातीला शेकडा दहा-पंधरा कोंब गेले तर घाबरण्याचे कारण नाही. फुटवे ती तूट बऱ्याच अंशी भरून काढतात. पाण्याचा ताण पडलेल्या पिकाला हे जमत नाही. खोडव्याचे दुखणे निराळे. तेथे फुटवे ज्या डोळ्यांतून यावयाचे ते डोळेच पोखरलेल्या बुडख्यावर असतात. मग सऱ्यांतून तुटाळ पडते, शेतकरी नांग्या भरीत बसतो, आणि भरलेल्या नांगीला दोन्ही बाजूंच्या मोठ्या बेटांची सावली लागून ती रोडच राहते.

या विरळ फडाचा हिशेब कोणाच्या वहीत लिहिला जातो? कारखान्याच्या वजनकाट्यावर आलेला ऊस मोजला जातो, न आलेला मोजला जात नाही. शेतकऱ्याला उतारा कमी पडल्याचे कळते, पण का कमी पडला हे कळतेच असे नाही. तोडकऱ्याला मात्र हे पहिल्या तासाभरात कळते, कारण त्याची मजुरी टनावर असते. दाट फडात एका जागी उभे राहून मोळी होते. विरळ फडात तेवढ्याच मोळीसाठी तो जास्त चालतो, जास्त वाकतो, आणि संध्याकाळी वजन कमी भरते. त्या दिवशी पडावावर मी जे ऐकले त्यात 'हलका फड' हा शब्द पुन्हा पुन्हा आला. कीड कोणती हे त्यांना विचारावयास कोणी जात नाही. फड वाटून देण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो, हलका फड आला तर तो तोडावाच लागतो. पिकावरील किडीने झालेल्या नुकसानीचे आकडे आपण नेहमी शेकडा टन आणि साखरेच्या पोत्यांत देतो. त्यातला काही भाग एका जोडप्याच्या दिवसाच्या मजुरीतून गेलेला असतो, तो त्या आकड्यांत येत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ऊस जमिनीलगत तोडावा असे सर्व कारखाने आणि कृषी विद्यापीठे सांगतात. त्याला कारणे आहेत. पक्व उसात साखरेचे प्रमाण खालच्या कांड्यांत अधिक असते. शिवाय वर ठूठ राहिले तर वरच्या डोळ्यांतून अशक्त कोंब फुटतात आणि जमिनीखालचे जोमदार डोळे मागे पडतात. हे सगळे बरोबर. परंतु खोडव्यात ही अळी राहिली ती तोडकऱ्याने वर कोयता मारला म्हणून, असे जे सरसकट म्हटले जाते ते मला पटत नाही. कोयता कितीही खाली मारला तरी तो मातीच्या पृष्ठभागाशी थांबतो, आणि अळी त्याच्याही खाली आहे. पाला पेटवून दिला तरी आग वरून जाते. तोडणीनंतर बुडखे छाटणे, बगला फोडणे आणि पोखरलेली बेटे खणून काढून नष्ट करणे ही वेगळी कामे आहेत आणि ती शेतकऱ्याने वेगळी मजुरी देऊन करून घ्यावयाची आहेत. उपद्रव फार असेल तर खोडवा ठेवूच नये, असा पुस्तकातला सल्ला आहे. तो देणे सोपे. खोडव्याला बेण्याचा खर्च नाही, नांगरट नाही, पीकही लागणीपेक्षा लवकर तयार होते. कर्ज अंगावर असलेल्या माणसाला तो मोडावयास सांगताना आपल्याजवळ तसाच भक्कम पुरावा हवा. तो पुरावा वर कोठेच दिसत नाही. खणूनच काढावा लागतो.

औषधांविषयी थोडक्यात सांगतो. एके काळी बीएचसीची भुकटी मातीत मिसळीत. तिच्यावर भारतात १९९७ पासून बंदी आहे. आजची कीटकनाशके त्याहून नेमकी आहेत, पण कोणतेही औषध वरून फवारून बुडख्यात पोचत नाही. ते ओलीबरोबर मुळांशी जावे लागते, आणि अळी एकदा आत शिरली की तिला खोडाचेच कवच मिळते. म्हणून मला अधिक आशा वाटते ती मातीतच राहणाऱ्या तिच्या शत्रूंची. मेटारायझियम आणि ब्यूव्हेरिया या बुरशा आता पुष्कळांना माहीत आहेत. त्याहून विलक्षण गोष्ट एका सूत्रकृमीची आहे. हेटेरोरॅब्डायटिस इंडिका असे त्याचे नाव. १९९२ मध्ये पॉइनार, करुणाकर आणि डेव्हिड यांनी त्याचे वर्णन केले, आणि तो मिळाला होता कोइमतूर येथे, उसाच्याच शेंडेकिडीच्या अळीत. कोइमतूरला १९१२ पासून ऊस प्रजनन संस्था आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांबीचा हा कृमी ओल्या मातीतून अळीचा शोध घेत जातो आणि तिच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वसनछिद्रांतून आत शिरतो. त्याच्या आतड्यात फोटोरॅब्डस नावाचे जिवाणू असतात, ते तो अळीच्या रक्तात सोडतो. एक-दोन दिवसांत अळी मरते आणि तिचा रंग विटेसारखा लाल होतो. मग त्या मेलेल्या अळीत कृमींची वीण वाढते आणि हजारोंनी नवे कृमी मातीत बाहेर पडतात. जेथे औषध जात नाही तेथे हा स्वतःच्या पायांनी जातो, असे म्हणणार होतो, पण पाय त्याला नाहीत. त्याला लागते ती ओल. कोरड्या, तापलेल्या मातीत तो टिकत नाही, आणि अळीचा उपद्रव तर नेमका ताण पडलेल्या पिकात अधिक. ही अडचण खरी आहे. पाणी दिल्यावर, संध्याकाळी, पाचटाच्या आच्छादनाखाली त्याला सोडणे हाच त्यावर उपाय.

अंड्यांचा शत्रू ट्रायकोग्रामा किलोनिस हाही आता बहुतेक कारखान्यांच्या परिसरात परिचित आहे. टाचणीच्या डोक्याहून लहान असलेली ही गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते. उसातील खोडकिडीसाठी हेक्टरी ५० हजार या प्रमाणात, दहा दिवसांच्या अंतराने ती सोडतात. शेतात लावतात त्या ट्रायकोकार्डावर चिकटवलेली बारीक अंडी कोणाची असतात ठाऊक आहे? कॉर्सीरा नावाच्या पतंगाची. आपल्या घरच्या तांदळाच्या डब्यात जाळ्या करणाऱ्या अळीची. प्रयोगशाळेत भरड धान्यावर हा पतंग मुद्दाम वाढवतात, त्याची अंडी निर्जीव करून गांधीलमाशीला देतात.

हा कॉर्सीरा आणि आपला बुडख्यातील पतंग एकाच, पायरॅलिडी, कुळातले. या कुळाची आणखी एक शाखा आपल्या भागाने जवळून पाहिली आहे. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला आणि तेथून आपल्या सीमाभागातही पसरला. पानांच्या खाली पांढरी लोकर, वर काळी बुरशी. गाडीतून जातानाही फड ओळखू येत असे. लोक हवालदिल झाले. त्या माव्यावर ताव मारणारी जी अळी शेतांतून सापडली आणि मग मुद्दाम वाढवून वाटली गेली, ती डिफा ॲफिडिव्होरा नावाच्या पतंगाची. तीही पायरॅलिडीच, इतकेच नव्हे तर बुडख्यातील अळीच्याच उपकुळातली. एक बहीण ऊस खाते, दुसरी ऊस खाणाऱ्याला खाते, तिसरी आपल्याकडून पोसली जाऊन पहिल्या बहिणीच्या अंड्यांचा शत्रू पोसते. 'उसावरील अळी' दिसली की ती ठेचावयाची, ही सवय म्हणूनच बरी नव्हे. लोकरी मावा डोळ्यांत भरणारा होता, त्यामुळे त्याच्यासाठी बैठका झाल्या, पत्रके निघाली. बुडख्यातील अळीला लोकर नाही.

चिकोडी, संकेश्वर, कागल या आपल्या पट्ट्यात खोडकीड, कांडीकीड आणि हुमणी यांचेच नाव घेतले जाते. बुडख्यातील अळी येथे दुय्यम मानली जाते. ती खरोखरच दुय्यम आहे की कोणी खणून पाहिलेले नाही, हे ठरवावयास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या महाविद्यालयातील निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांच्या घरी ऊस आहे. येत्या तोडणीनंतर, खोडवा फुटावयास लागला की, शेताच्या कडेची बेटे सोडून आतल्या भागातील दहा बेटे निरनिराळ्या सऱ्यांतून निवडावीत. वाळलेले पोंगे आधी ओढून पाहावेत. किती निघाले आणि किती निघाले नाहीत हे वेगवेगळे लिहावे. मग न निघालेले कोंब कुदळीने बुडख्यासकट काढून उभे चिरावेत. हुमणी सापडेल ती 'सी' अक्षरासारखी वाकडी, पुढे तीन जोड्या पायांची, मातीत मोकळी. तिचा याच्याशी संबंध नाही. खोडात पोकळी करून बसलेली, सुरकुतलेली, बिनपट्ट्याची पांढरी अळी मिळाली तर तिला बुडख्याच्या तुकड्यासह रुंद तोंडाच्या बाटलीत, तळाशी दोन बोटे ओलसर माती घालून ठेवावे. तोंडाला फडके बांधावे. तुकडा वाळला की ताजा घालावा. दोन-तीन आठवड्यांत कोश होतो, त्यानंतर दहा-बारा दिवसांत पतंग बाहेर येतो. त्याचे मागचे पंख पांढरे आहेत की नाहीत ते पाहून आमच्या विभागात आणून द्यावा. बाटलीवर गाव, तारीख, उसाची जात, खोडवा पहिला की दुसरा, आणि अळी जमिनीखाली किती बोटांवर सापडली, एवढे लिहिलेले असावे.